सोलरच्या लाईनीत हवा धरते? अर्धा इंची पितळी एअर व्हेंट घेण्याआधी हे वाचा

आधी निकाल सांगतो. सोलर वॉटर हीटरच्या गरम लाईनीवर बसवायचा अर्धा इंची पितळी, फ्लोटचा ऑटोमॅटिक एअर व्हेंट ही वस्तू चांगली आहे. योग्य जागी बसली तर वर्षानुवर्षं काही मागत नाही. पण "सोलरला हवा धरते, काहीतरी द्या" म्हणून दुकानात गेल्यावर ती हातात पडते आणि नेमकी चुकीच्या ठिकाणी बसते. मग हवा कमी होण्याऐवजी वाढते आणि खापर फुटतं नगावर. म्हणून नगाचा हा रिव्ह्यू अर्धा नगाचा आहे आणि अर्धा गच्चीवरच्या पाईपांचा.

वस्तू साधी. मुठीत मावेल एवढं पितळी भांडं, आत प्लास्टिकचा पोकळ फ्लोट, त्याला जोडलेली सुई, वर बारीक भोक आणि त्यावर फिरवायची छोटी टोपी. आत हवा साठली की फ्लोट खाली बसतो, सुई उघडते आणि हवा फुस्स करून निघते. पाणी वर आलं की फ्लोट तरंगतो आणि भोक बंद होतं. वीज नाही, स्प्रिंगचं झंझट नाही. किंमत दुकानागणिक आणि बनावटीप्रमाणे साधारण तीनशेपासून हजार रुपयांपर्यंत. स्वस्त नगात पितळ पातळ असतं आणि आटे ओबडधोबड असतात. ते नखाने चाचपून कळतं.

काउंटरवरच एक तपासणी करा. टोपी दोन आटे सैल करा, नग उभा धरा आणि खालच्या तोंडातून फुंका. हवा सहज गेली पाहिजे. आता नग उलटा धरा आणि पुन्हा फुंका. फ्लोट टोपीकडे सरकलेला असल्यामुळे हवा अडली पाहिजे. उलटा धरूनही हवा जात असेल तर सुई नीट बसत नाही, असा नग घरी नेला की टपटपणारच. कानाशी हलवून बघा, फ्लोट आत मोकळा खुळखुळला पाहिजे. सांगलीत गणपती पेठेत घ्या किंवा साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास, दुकानदार फुंकून बघू देत नसेल तर पुढचं दुकान गाठा.

हा नग मुळात जन्माला आला थंड देशांतल्या घरांसाठी. तिथे बॉयलरचं गरम पाणी पंपाने खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरतं आणि घर उबदार राहतं. त्या बंद चक्रात तेच ते पाणी फिरत असतं, त्यामुळे सुरुवातीची हवा एकदा काढली की ती गेली. तरीही तिथे हवा परत परत येत असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि सतत नवं पाणी भरावं लागतंय, किंवा पंपाच्या ओढीने एखाद्या सांध्यातून हवा आत येतेय, किंवा लोखंड गंजून आत हायड्रोजन तयार होतोय, असं समजतात. आपल्याकडचं काम याच्या अगदी उलटं. दोनशे लिटरच्या सोलरमध्ये रोज नवं पाणी येतं आणि त्यात रोज नवी हवा विरघळलेली असते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहतो, ६० अंशांना त्याच्या निम्माच. नायट्रोजनचंही साधारण तसंच. हिशेब केला तर दोनशे लिटर पाणी तापताना लिटरभराहून जास्त हवा सुटते. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकच्या) पाईपमध्ये मीटरला पाव लिटर पाणी मावतं, म्हणजे ही सगळी हवा लाईनीत शिरली तर चार मीटर पाईप कोरडा होईल. एरवी ती सोलरच्या टाकीवरच्या उघड्या, उभ्या एअर पाईपमधून निघून जाते आणि कुणाला कळतही नाही. सकाळी पहिला नळ सोडला की पाच-दहा सेकंद फुर्र-फुर्र होतं, ते याच हवेचं. तेवढ्यासाठी काही बसवू नका, ते होणारच.

खरी भानगड कळते ती हवा कधी धरते यावरून.

नळ सोडल्यापासून पाणीच नाही, नुसतं हुंकारतंय, तर लाईनीत एखाद्या उंचवट्याला हवा अडकली आहे. सुरुवातीला धार झकास आणि दोन-तीन मिनिटांनी गचके देत बारीक होते, तर सोलरला वरून थंड पाणी पुरत नाही. दुपारी नळातून वाफ आणि उकळतं पाणी उसळतं, तर ती हवा नव्हेच, वापर कमी आणि ऊन जास्त. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरल्यावरच त्रास होतो, तर लाईन मोकळी होऊन हवेने भरली, ती एकदा काढली की झालं. या चारांपैकी एअर व्हेंटचं काम आहे फक्त पहिल्यात. चौथ्यात तो सोय म्हणून चालतो. दुसऱ्यात त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि नेमक्या दुसऱ्याच दुखण्यासाठी तो सर्रास विकला जातो.

तर दुसऱ्याबद्दल. गरम नळ सोडला की सोलरच्या टाकीतून जेवढं पाणी जातं तेवढंच वरच्या थंड टाकीतून यायला हवं. ते आलं नाही तर सोलरच्या टाकीतली पातळी उतरते, एअर पाईपमधून हवा आत येते आणि गरम पाण्याचा आउटलेट टाकीच्या वरच्या अंगाला असल्यामुळे तीच हवा लाईनीत ओढली जाते. कुणाला तरी एअर पाईपशी कान लावून उभं करा आणि खाली दोन शॉवर पूर्ण सोडा. हवा ओढल्याचा सलग आवाज आला तर निदान पक्कं. थंड पाण्याची फीड लाईन किमान गरम लाईनीएवढी, शक्यतो एक साइज मोठी हवी: गरम पाऊण इंच तर थंड एक इंच. मोजायचं सोपं आहे. सोलरच्या इनलेटजवळचं युनियन (खोलता येणारा सांधा) खोला, वीस लिटरची बादली लावा. एक इंची लाईन आणि चार-पाच फुटांची उंची असेल तर बादली मिनिटाच्या आत भरली पाहिजे. भरत नसेल तर दोषी बहुतेक वेळा अर्धवट उघडा बॉल व्हॉल्व्ह, गाळाने बसलेली जाळी किंवा अडकलेला एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) असतो. दांडी पाईपच्या रेषेत दिसते म्हणून व्हॉल्व्ह उघडाच असेल असं धरू नका, आतला गोळा तुटून अर्धाच फिरतो. यात व्हेंटवर पाचशे रुपये घालण्यापेक्षा तो व्हॉल्व्ह बदला.

आता उंचवट्याची गोष्ट, इथे जरा थांबू. साताऱ्यात शाहूपुरी, गोडोलीकडच्या रो-हाउसमध्ये जिन्याच्या खोलीचं दार गच्चीवर उघडतं, आणि गरम लाईन त्या दारावरून कमान करून पलीकडे नेलेली दिसते. समजा थंड टाकीतल्या पाण्याची पातळी गच्चीपासून ८ फूट, आणि वरच्या मजल्यावरचा शॉवर गच्चीच्या साडेतीन फूट खाली. म्हणजे शॉवरला मिळणारी उंची साडेअकरा फूट. दारावरची कमान ७ फूट चढते आणि ७ फूट उतरते. पुढे लाईन ३ फुटी कठडा ओलांडून खाली जाते. कमानीच्या उतरत्या पायात हवा भरली तर तेवढ्या ७ फुटांचा जोर वाया जातो, कठड्याच्या उतरत्या पायात आणखी ३ फूट. हे नुकसान एकमेकांत मिसळत नाही, बेरीज होते. साडेअकरातून दहा गेले, उरला दीड फूट. पाणी येतं, पण शॉवरमधून नाही, शॉवरच्या दांड्यावरून ओघळतं. पंप नाही, जोर नाही म्हणून लोक थंड टाकी आणखी वर चढवतात. दुखणं मात्र पाईपच्या पोटातल्या हवेचं असतं.

मग त्या कमानीच्या माथ्यावर एअर व्हेंट बसवावा का? माथा टाकीच्या पाण्याच्या खाली असेल तरच. वरच्याच उदाहरणात संध्याकाळी टाकी भरलेली असताना पातळी ८ फूट आणि माथा ७ फूट, व्हेंट हवा सोडेल, छान चालेल. पहाटेपर्यंत टाकी दीड फूट उतरली, पातळी साडेसहा झाली. आता माथा पाण्याच्या वर आला. व्हेंट नसता तर भरलेली कमान सायफनसारखी ओढत राहिली असती, थोडंफार का होईना पाणी आलं असतं. व्हेंट आहे म्हणून तो आज्ञाधारकपणे उघडतो, बाहेरची हवा आत घेतो आणि सायफन तुटतो. "रात्री येतं, सकाळी येत नाही" ही तक्रार बऱ्याचदा अशा व्हेंटचीच देणगी असते. नियम असा ठेवा: जिथे व्हेंट बसवणार तो माथा थंड टाकीच्या तळापासून निदान दोन फूट खाली हवा. तसा नसेल तर कमान काढा आणि लाईन दाराच्या उंबऱ्याखालून किंवा भिंतीतून न्या. मजुरी व्हेंटपेक्षा जास्त पडेल, पण काम संपेल.

माथा खाली असूनही ओढ लागू शकते. माथ्याच्या पुढे लाईन वीस-पंचवीस फूट सरळ खाली गेलेली असेल आणि तळमजल्याचा नळ पूर्ण सोडला, तर खाली पडणारं पाणी वरच्या माथ्यावरचं पाणी खेचतं. व्हेंटच्या भोकावर साबणाच्या फेसाचा एक ठिपका ठेवा आणि खालचा नळ सोडायला सांगा. फेसाला बुडबुडा फुगला तर नग हवा बाहेर टाकतोय. फेस भोकात ओढला गेला तर नगच हवा आत घेतोय. असं दिसलं तर तळमजल्याच्या फांदीवरचा व्हॉल्व्ह थोडा आवळून ठेवा, किंवा माथ्यापर्यंतची लाईन एक इंची करा.

जागा पटली की बसवायचं असं. काम पहाटे किंवा ऊन उतरल्यावर करा. गरम लाईनीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून लाईन रिकामी करा. माथ्यावर पाऊण इंची टी घालण्याऐवजी एक इंची टी रिड्यूसरसह घाला. रुंद जागेत पाण्याचा वेग मंदावतो आणि बुडबुडे वर जायला सवड मिळते, नाहीतर शॉवर जोरात चालू असताना बुडबुडे व्हेंटच्या तोंडाखालून सरळ वाहून जातात. टीच्या वरच्या तोंडात पितळी आट्यांचा सीपीव्हीसी एफटीए (आतून आटे असलेला जोड), त्यावर सहा इंच उभा तुकडा, त्यावर अर्धा इंची बॉल व्हॉल्व्ह, मग एअर व्हेंट. बॉल व्हॉल्व्ह वगळू नका, नाहीतर पुढे नग साफ करायला काढायचा तर अख्खी गरम लाईन रिकामी करावी लागते. टेफ्लॉन टेपचे आठ-दहा वेढे आट्यांच्या दिशेने, हाताने आवळा, मग पान्याने अर्धा-पाऊण फेरा. पान्याचा जोर षट्कोनी कड्यावर द्या, भांड्यावर देऊ नका, भांडं पिचतं. नग ओळंब्यात उभा हवा. दहा-पंधरा अंश कलला तरी फ्लोट एका बाजूला घासतो. पाईप चिकटवायचं सोल्युशन वाळायला डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्या. पाणी सोडताना मुख्य व्हॉल्व्ह पाव उघडा, सगळे गरम नळ बंद ठेवा, टोपी दोन आटे सैल. फुस्स आवाज थांबला की मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. पहिल्या दिवशी थोडं टपटपलं तर घाबरू नका. हा नग दहा बारच्या दाबासाठी बनलेला असतो आणि आपल्या गच्चीवर त्याला पाच फुटांचा, म्हणजे जेमतेम ०.१५ बारचा दाब मिळतो. सुई हलकीच टेकते, रेतीचा एक कण पुरतो. बॉल व्हॉल्व्ह बंद करा, नग काढून धुवा, परत बसवा.

टोपी पूर्ण आवळून ठेवलेले व्हेंट जिकडेतिकडे दिसतात. टपटपतं म्हणून कुणीतरी आवळतं आणि विसरतं. तसा नग म्हणजे महागडा प्लग.

आणि एक काम या नगाला कधीच देऊ नका: सोलरच्या टाकीवरचा उघडा एअर पाईप काढून तिथे हा बसवणं. गच्ची नीटनेटकी दिसते, पाईप वाऱ्यात हलत नाही, पाणी उडत नाही, म्हणून हा बदल सुचवला जातो. बिनदाबाच्या सोलरची आतली टाकी म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा स्टीलचा पत्रा. वरचं पाणी बंद असताना खाली कुणी गरम नळ सोडला, तर जेवढं पाणी जाईल तेवढी हवा लगोलग आत यावी लागते. व्हेंटच्या सुईच्या भोकातून ती येऊ शकत नाही. टाकी आत चेपते, पफ (टाकीभोवतीचा उष्णता राखणारा फोम) सुटतो, कधी काचेच्या नळ्यांचे रबर हलतात. त्या जागी उघडा पाईपच हवा, थंड टाकीच्या ओव्हरफ्लोपेक्षा निदान फूटभर उंच. फूटभर अशासाठी की गरम पाणी हलकं असतं, ८० अंशांना लिटरभर पाणी ९७२ ग्रॅम भरतं, त्यामुळे एअर पाईपमधली पातळी थंड टाकीपेक्षा थोडी वरच राहते. पाईपचं तोंड दोन एल्बो लावून खाली वळवा आणि स्टीलची जाळी बांधा. उघड्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घरटं करते, आणि एकदा ते वाळलं की पाईप बुचासारखा बंद. पावसाळा संपला की तिथे एकदा तार घालून बघाच.

प्रेशर पंप असलेल्या घरांत वेगळाच गोंधळ. पंप फक्त थंड लाईनीवर असेल तर मिक्सरचे दोन्ही नळ अर्धवट उघडे राहिले की थंड पाणी गरम लाईनीतून उलटं चढतं आणि सोलरच्या एअर पाईपमधून गच्चीवर सांडतं. लोकांना वाटतं सोलर "ओव्हर" होतंय. तिथे गरम लाईनीवर एनआरव्ही लागतो, एअर व्हेंट नाही. सांडतं म्हणून एअर पाईपला बूच मारलं, तर पंपाचा दाब थेट त्या पातळ टाकीवर जातो.

सांगलीकडे आणखी एक गोष्ट. कृष्णेच्या पाण्यावरच्या घरांत हा नग फार कटकट करत नाही. पण जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे बोअरच्या जड पाण्यावर सुईच्या टोकाला पांढरा थर बसतो, मग एकतर टपटपतं नाहीतर भोक बुजतं. अशा पाण्यावर चार-सहा महिन्यांनी नग उतरवा, लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून अर्धा तास बुडवा, जुन्या टूथब्रशने सुई घासा, साध्या पाण्याने धुवा. हायड्रोक्लोरिक ॲसिड नको, पितळ खाल्लं जातं.

काही न विकत घेता हवा काढायची युक्तीही आहे, आणि बऱ्याच घरांत तीच पुरते. पंप नसलेल्या घरात खालच्या मजल्यावरच्या मिक्सरचे थंड-गरम दोन्ही नळ पूर्ण उघडा आणि पाणी पडायच्या तोंडावर तळहात घट्ट दाबा. हवा धरलेल्या गरम लाईनीचा जोर कमी असतो, त्यामुळे थंड पाणी तिच्यात उलटं शिरतं आणि हवेला टाकीकडे ढकलतं. अर्धा मिनिट धरा, मग हात काढून थंड नळ बंद करा. तीन-चार वेळा केलं की धार लागते. हवा टाकीत जाऊन एअर पाईपने निघून जाते. मधे एनआरव्ही असेल तर ही युक्ती चालत नाही.

टाकी पूर्ण रिकामी झाली असेल तर एक सावधगिरी. नळ्या रिकाम्या आणि ऊन वर आलेलं असेल तर थंड पाणी सोडू नका, काच तडकते. सूर्य मावळून नळ्या निवल्यावर भरा. तोवर टाकीतल्या बॅकअप कॉईलचं बटणही बंद ठेवा. महाबळेश्वर-पाचगणीकडे ढगांमुळे ती कॉईल जास्त चालते, आणि अर्ध्या रिकाम्या टाकीत कोरडी तापून जळते.

प्लास्टिकच्या भांड्याचे पांढरे एअर व्हेंट स्वस्त मिळतात. बागेच्या ठिबकसाठी ते ठीक आहेत, गरम लाईनीवर उन्हात ठेवू नका, आटे ठिसूळ होतात. हाताने उघडायचा साधा अर्धा इंची बॉल व्हॉल्व्ह माथ्यावर लावला तरी काम होतं, फक्त महिन्यातून एकदा गच्चीवर जाऊन तो सोडायला हवा. ज्या घरात कुणी रोज गच्चीवर कपडे वाळत घालायला जातं, तिथे हाच बरा. पितळी नग घेतलाच तर टोपीखालचा रबरी वायसर सुटा मिळतो का ते त्याच दुकानात विचारा आणि दोन जास्तीचे घ्या, पहिल्यांदा जातो तो तोच.